ग्रिलचा उरलेला काळा रंग

खिडकीच्या ग्रिलला काळा ऑइलपेंट दिला की डब्याच्या तळाशी दोन बोटं रंग हमखास उरतो. आमच्या घराण्यात उरलेला रंग कुणी फेकत नाही. माझे वडील गिरणीत होते. सुट्टीच्या दिवशी ते असा उरलेला डबा घेऊन बसायचे आणि शिडी, कुंडीचा स्टॅण्ड, पाटा ठेवायची तिवई, असं जे जे लोखंडी दिसेल ते रंगवत सुटायचे. त्यांच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ होतं, मी नेमकं हे शिकलो. वर त्यांचं एक वाक्यही उचललं: "रंग द्यायचा तर वस्तू सुटी करून द्यायचा. वरवर फासतो तो आळशी."

वडिलांचा काही दोष नाही. त्यांनी आयुष्यात मोटारीला हात लावला नव्हता.

त्या दसऱ्याला आमच्या मुलुंडच्या सोसायटीत सगळे आपापल्या गाड्या धूत होते. पाइप एक आणि गाड्या चौदा, त्यामुळे रांग होती. रांगेत उभं राहून मला कंटाळा आला आणि मी बॉनेट उघडलं. आता हे सांगायला हवं की सोसायटीत कुणाचीही गाडी बिघडली की बॉनेटपाशी जाऊन, कमरेवर दोन्ही हात ठेवून, "हं... हं..." असं म्हणणारा जो माणूस असतो, तो मी. मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघून बघून मला जवळजवळ सगळं येत होतं. फक्त हात लावायचं राहिलं होतं.

आत बॅटरीच्या मायनसपासून एक जाड काळी वायर निघून गाडीच्या पत्र्याला बोल्टने बसवलेली दिसली. त्या बोल्टभोवती तांबूस गंज. दसऱ्याचा दिवस, शस्त्रांची पूजा, आणि माझ्या शस्त्राला गंज! मी घरी गेलो, ग्रिलचा डबा आणला. व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे आधी बॅटरी सुटी केली, मग बोल्ट काढला, गंज थोडासा खरवडला आणि रंग दिला. पत्र्याला दिला, वायरच्या टोकाला जी पितळी कडी असते तिला दोन्ही अंगांनी दिला, बोल्टलाही दिला. पहिला हात वाळेपर्यंत वर जाऊन श्रीखंड-पुरी खाल्ली, खाली येऊन दुसरा हात दिला. वरवर फासणारा मी नव्हे. संध्याकाळी सगळं घट्ट बसवलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडू लावला आणि उघड्या बॉनेटचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. "इंजिन आहे की देवघर!" असं तळमजल्याच्या काकांनी लिहिलं. तो फोटो मी तीन वेळा उघडून बघितला.

गाडी पहिल्याच सेलला सुरू झाली. झकास.

याच सुमारास माझी बायको गाडी चालवायला लागली. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, वय पन्नाशीच्या पुढचं. गणपतीत तिला लायसन्स मिळालं होतं, पहिल्याच परीक्षेत. मला ते तिसऱ्या परीक्षेत मिळालं होतं, पण ही गोष्ट आमच्या लग्नाच्या आधीची असल्याने तिला सांगायची वेळ आली नव्हती. आता हे वाचून कळेल.

तिने गाडी शिकायचं कारण तिची आई. सासूबाईंच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि घाटकोपरची चाळीतली खोली बंद करून त्या आमच्याकडे राहायला आल्या होत्या. दिवाळीनंतर मंगळवार-शुक्रवार संध्याकाळी व्यायामाला जायचं ठरलं. मुलुंडला तशी सेंटरं होती, पण त्यांना घाटकोपरचंच पाहिजे होतं, कारण तिथली व्यायाम करवून घेणारी बाई मालवणी बोलायची. हिंदीत "घुटना मोड़िए" म्हटलं की सासूबाईंचा गुडघा मोडायचाच नाही. रिक्षाने न्यायचं म्हटलं तर रिक्षाची पायरी चढताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि खड्ड्यात त्या देवाचं नाव घ्यायच्या. म्हणून गाडी. मी संध्याकाळी साडेसातशिवाय ऑफिसातून यायचो नाही. म्हणून बायको.

दुसऱ्याच आठवड्यात ती म्हणाली, "गाडी सिग्नलला बंद पडते रे."

"क्लच," मी म्हणालो. पेपरमधून डोकं वरही काढलं नाही.

"क्लच पूर्ण दाबलेला असतो. गिअरमध्ये पण नसते. नुसती उभी असते आणि गुडगुड करून बंद पडते."

"तुला वाटतं पूर्ण दाबलाय. पाय अर्धा वर असतो. नवीन माणसाचं होतं असं."

"हं," ती म्हणाली. वर्गातला मुलगा गृहपाठ कुत्र्याने खाल्ला असं सांगतो तेव्हा ती बहुधा असंच म्हणत असावी.

माझ्या बाजूने एक जबरदस्त पुरावा होता. मी रोज सकाळी तीच गाडी घेऊन भाजी, दूध, स्टेशनपर्यंत एक फेरी असं करायचो. माझ्या हातात ती एकदाही बंद पडली नव्हती. एकदाही! मग दोष गाडीत कसा असेल? दोन माणसं, एक गाडी. एकाच्या हातात चालते, दुसऱ्याच्या हातात मरते. पाचवीचं गणित आहे.

तरी मी मोठ्या मनाने गाडी कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे नेली. गॅरेजच्या भाषेत याला 'स्लो' म्हणतात. म्हणजे तुम्ही पाय काढला, गाडी उभी आहे, तरी इंजिनाने आपलं आपण हळूहळू चालत राहायचं, तो स्लो. "स्लोवर राहत नाही, साहेब? कचरा असेल," मेकॅनिक म्हणाला आणि हवा आत जाते ती जागा साफ केली. मी सकाळी ट्रायल घेतली, गाडी फस्कलास. मंगळवारी बायकोच्या हातात दोनदा बंद. मग त्याने प्लग बदलले. मी सकाळी ट्रायल घेतली, फस्कलास. शुक्रवारी पुन्हा बंद. मग पेट्रोलचा फिल्टर. ट्रायल, फस्कलास. बंद. शेवटी मेकॅनिक माझ्या कानाशी लागून म्हणाला, "साहेब, वहिनींचा क्लच बघा जरा."

मी त्या माणसाच्या प्रेमातच पडलो.

एकदा सुट्टी काढून मी स्वतः तिच्या शेजारी बसलो. दुपारचे चार वाजले होते. बसल्याबसल्या मी एसी बंद केला. माझ्या नाकाला एसी चालत नाही. एसीपुढे पाच मिनिटं बसलो की मी शिंकतो, आणि शिवाय एसी पेट्रोल खातो हा विचार मला जास्त गार करतो. तर काचा खाली केल्या आणि आम्ही घाटकोपरपर्यंत जाऊन उजेड असतानाच परत आलो. अकरा सिग्नल लागले. गाडी एकदाही बंद पडली नाही.

"बघितलंस?" मी म्हणालो. "माणूस शेजारी बसला की आपोआप पाय नीट पडतो."

मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "आज गाडयेक तुमचो धाक लागलो, जावंयबापू." मला ते कौतुक वाटलं.

यापुढची संध्याकाळ मी पाहिलेली नाही, पण ती मला तीन वेगवेगळ्या वेळी सांगण्यात आली आहे, त्यामुळे तोंडपाठ आहे. भांडुपचा सिग्नल, शुक्रवार, अंधार पडलेला. गाडी बंद पडली. सुरू केली, पुन्हा बंद. हिरवा लागला, गेला. मागे हॉर्न. एक रिक्षावाला शेजारून वाकून ओरडला, "आंटी, गाडी घर पे रखो, शोपीस है!" तिसऱ्यांदा सुरू केली, गाडी दोन हात पुढे जाऊन मधोमध बंद पडली. शेवटी ट्रॅफिकच्या पोलीसबाई आल्या, त्यांनी आणि एका भाजीवाल्याने धक्का मारून गाडी कडेला लावली. पोलीसबाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "ताई, घाबरू नका, शिकताना होतं." बायको मला म्हणाली की सगळ्या हॉर्नपेक्षा ते वाक्य जास्त लागलं.

त्या दोघी रिक्षाने घरी आल्या. सासूबाईंचा गुडघा टम्म फुगला होता. मी भांडुपला जाऊन गाडी सुरू केली, काचा खाली केल्या आणि रमतगमत घरी आणली. दारातच म्हणालो, आणि हे लिहिताना मला माझ्यावरच हात उगारावासा वाटतो, "माझ्या हातात एकदाही बंद पडली नाही."

तिने माझ्या हातातून चावी घेतली. देवघराखालच्या खणात, उदबत्त्यांच्या पुड्यांच्या मागे ठेवली आणि खण लावला.

"मी गाडी सोडली," ती म्हणाली. "विषय संपला."

मंगळवार आला, व्यायाम बुडला. शुक्रवार आला, व्यायाम बुडला. घाटकोपरच्या बाईंचा फोन आला की आता गुडघा वाकवला नाही तर तो असाच काठीसारखा राहील, मग त्यांच्या हातात काही नाही. सासूबाई सोफ्यावर पाय लांब करून बसायच्या. त्या तक्रार करत नव्हत्या, हे जास्त वाईट होतं. बायको शाळेतून यायची, पाणी गरम करून गुडघा शेकायची आणि माझ्याशी फक्त भाजीविषयी बोलायची. सुट्टीच्या दिवशी मी सगळ्यांना नेतो म्हटलं, तर तिने मान हलवली. "तू नेशील रे. पण मला चालवता यायला लागलं होतं ना."

मला यायला लागलं होतं. असं ती म्हणाली आणि शेगडीकडे वळली. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपला पाचवीचा हिशेब कुठेतरी चुकतोय. कुठे ते मात्र कळेना.

कळलं सासूबाईंना. रविवारी सकाळी मी त्यांना चहा नेऊन दिला तर त्या म्हणाल्या, "जावंयबापू, एक सांगू? रागावूचे नाय ना?"

"सांगा ना."

"गाडी मराच्या आदी ते फुडचे निळे आकडे बारीक होतत. मी मागे बसान बगतंय. आदी आकडे बारीक, मगे गाडी मरता. आमच्या चाळीत लाईट जावच्या आदी असाच व्हायचा. ह्या दुखणा इंजिनाचा नाय, विजेचा आसा."

"पण माझ्या हातात..."

"तुमच्या हाताचा ऱ्हवांदे," त्या म्हणाल्या. "चाळीच्या मागे तो वायरमन आसा, त्येका दाखवा. माझो मिक्सर त्येनाच जितो केल्यान."

ज्याने मिक्सर जिवंत केला त्याला मोटार दाखवायची, हे माझ्या तज्ज्ञ मनाला फार लागलं. पण दुसरा मार्ग नव्हता. लगेच लोकलने एकटाच घाटकोपरला गेलो. चाळीमागे एका गाळ्यात साठीचा, बुटका, जाड चष्म्याचा माणूस स्टुलावर बसून एका रिक्षाची वायरिंग उसवत होता. बसच्या डेपोत तीस वर्षं वायरमन होता असं सासूबाईंनी सांगितलं होतं. मूळ गाव तिकडे लातूरकडचं. भिंतीवर निळा झेंडा, खाली ओळीने टांगलेले पाने. मी त्याला सगळी केस सांगितली, प्लग, फिल्टर, कचरा, व्हिडिओंच्या संदर्भांसकट.

त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "बंद कोणाच्या हातात पडते?"

"बायकोच्या."

"तुमच्या?"

"एकदाही नाही!"

"मग तुम्ही कशाला आलात?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, तो खरंच विचारत होता. "चालती गाडी मी काय बघू, भाऊ? ज्याच्या हातात मरते त्याला घेऊन या. माझ्याकडे असंच असतं. डेपोत पण मी ड्रायव्हरशिवाय बसला हात लावला नाही. साहेब लोक कागद आणायचे, मी म्हणायचो, ड्रायव्हर आणा."

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. ती नाही म्हणाली. मी म्हटलं, चालवायची नाहीये, नुसतं सीटवर बसायचंय. तरी नाही. मग सासूबाई आतून म्हणाल्या, "गो, माका माजी खोली तरी बगाक ने. सगळा धुळीन भरला आसतला." तेव्हा ती उठली. खणातून चावी मात्र मीच काढली.

वायरमनने सासूबाईंना बघून आधी हात जोडले, "मावशी, गुडघा कसाय?" त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, पायाखाली रिकामा रंगाचा डबा ठेवला. बायकोला ड्रायव्हरच्या सीटवर बसायला सांगितलं. मी पुढच्या दुसऱ्या दरवाजाकडे निघालो तर म्हणाला, "तुम्ही नाही. तुम्ही फुटपाथवर."

मी फुटपाथवर उभा राहिलो.

"ताई, बंद पडते तेव्हा काय काय चालू असतं?"

आणि माझी बायको बोलायला लागली. वर्गातल्या चाळीस पोरांपैकी कोण कोणत्या तासाला उचापती करतं हे जिला पाठ असतं, तिला एका गाडीचं काय? "सकाळी पडत नाही," ती म्हणाली. "एसी लावला नाही तर पडत नाही. एसी आणि दिवे दोन्ही असले तर पडते, पण लगेच नाही. सिग्नलला थांबल्यावर जरा वेळाने पुढे इंजिनमधला पंखा घरघरतो ना, तो सुरू झाला की इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा खाली जातो. त्यात मी ब्रेक दाबून ठेवलेला असतो. दोन-तीनदा थरथरते आणि जाते. हे शेजारी बसले होते तेव्हा पडली नाही. पण यांनी एसी बंद केला होता आणि अंधार पडला नव्हता."

"हे तुम्ही साहेबांना सांगितलं होतं?"

"विचारलं नाही यांनी," ती म्हणाली.

फुटपाथवर मी उगाचच शेजारच्या दुकानातले बल्ब निरखायला लागलो.

वायरमन मात्र हसत होता. मिठाई बघितलेल्या माणसासारखं हसत होता. "ताई, अर्धं काम तुम्हीच केलं. आता मी सांगतो तसं एकेक चालू करा." तिने गाडी सुरू केली. दिवे. काटा किंचित हलला. एसी. काटा अजून खाली. मागच्या काचेचा हीटर. ब्रेक. मग पुढचा पंखा घरघरला आणि काटा थरथरत खाली बसला, निळे आकडे मंद झाले, गाडी गुडगुडली आणि मेली. दिवसाढवळ्या, माझ्या डोळ्यांसमोर. तिचा पाय क्लचवर नव्हताच. उजवा ब्रेकवर, डावा त्याच्या शेजारी शहाण्या मुलीसारखा जोडून ठेवलेला.

"बगा," सासूबाई खुर्चीवरून म्हणाल्या.

मग त्याने बॉनेट उघडून मीटर काढला. एक सळई बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनावर टेकवली. "इथे ठीक." दुसरी सळई उचलून गाडीच्या उघड्या पत्र्यावर टेकवली. "ताई, गाडी सुरू करा आणि सगळं लावा. इथे आकडा शून्याजवळ पाहिजे." आकडा दीड व्होल्टच्या वर गेला. तो मला जवळ बोलावून समजावू लागला, आणि मी त्याचा आजही आभारी आहे की माझं अज्ञान कळूनही त्याने आवाज बदलला नाही. "असं बघा, भाऊ. वीज बॅटरीतून निघते, दिव्याला जाते, पंख्याला जाते. पण परत यायला रस्ता नको? गाडीत परतीची वेगळी वायर नसते, हा पत्राच परतीचा रस्ता. पत्र्यावरून ती या जाड वायरीत येते आणि घरी जाते. याला आम्ही अर्थिंग म्हणतो. तुमचा हा रस्ता कुठेतरी तुंबलाय. सकाळी कामं कमी, वीज थोडी, ती कडेकडेने निघून येते. संध्याकाळी सगळं एकदम लागलं की अडकते. मग इंजिनाच्या कॉम्प्युटरला पोटभर मिळत नाही, स्लो सांभाळणारी मोटर अर्धपोटी, आणि इंजिन मान टाकतं."

तो बोलत असतानाच माझं लक्ष त्या जाड वायरीच्या टोकाकडे गेलं. तो बोल्ट काळाभोर चमकत होता. ग्रिलसारखा. मी हळूच एक पाऊल मागे सरकलो.

त्याने पान्याने बोल्ट सोडवला, कडी उचलली, नखाने खरवडली. रंगाची पापडी निघाली. पत्र्यावरून दुसरी पापडी निघाली. चष्मा कपाळावर सरकवून तो बघत राहिला.

"आयला," तो म्हणाला. "वरून उडालेला नाही हा, आतून दिलाय. सुटं करून दिलाय! बोल्टच्या आट्यांत पण आहे. कुठल्या गॅरेजचं काम हे? मेकॅनिक होता का रंगारी?"

उघड्या बॉनेटमुळे बायकोला आतून काही दिसत नव्हतं. तिला फक्त ऐकू येत होतं. मला खोटं बोलावंही लागणार नव्हतं, नुसतं गप्प राहायचं होतं. कोपऱ्यावरचा तो मेकॅनिक माझ्या डोळ्यांपुढे आला, वहिनींचा क्लच बघा म्हणणारा. त्याच्या खात्यात एक बोल्ट गेला असता तर त्याचं काय बिघडलं असतं? मी तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात बॉनेटच्या कडेने, बाजूच्या काचेतून बायको दिसली. सगळं बंद करून, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, निकालाच्या दिवशी पोरं बसतात तशी बसली होती. गाडीत काहीतरी निघालंय हे तिला कळलं होतं. पण गाडीत काहीतरी निघणं वेगळं आणि आपली चूक नव्हती हे कुणीतरी उभं राहून सांगणं वेगळं.

"मी," मी म्हणालो.

"म्हणजे तुम्ही करून घेतलं?"

"नाही. मी. स्वतः. दसऱ्याला. दोन हात दिले."

वायरमनने आधी माझ्याकडे, मग बोल्टकडे, मग सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला होता आणि त्यांचे खांदे हलत होते.

बायको दार उघडून बाहेर आली. बॉनेटपाशी उभी राहून कमरेवर हात ठेवून तिने आत पाहिलं. "हं," ती म्हणाली. "हं." अगदी माझ्यासारखं. मग म्हणाली, "हा आपल्या ग्रिलचा रंग आहे."

"हो."

"ग्रुपवर टाकला होतास तो फोटो."

"हो."

"म्हणजे माझा क्लच?"

"तुझा क्लच चांगला आहे."

"काय? इथे फार आवाज आहे, ऐकू नाही आलं."

"तुझा क्लच चांगला आहे!" मी ओरडलो. बल्बच्या दुकानातला माणूस बाहेर आला. समोर वडे तळणाऱ्याने झारा थांबवला.

पुढचं काम दहा मिनिटांचं होतं. वायरमनने पॉलिश पेपरने पत्रा घासला, कडी घासली, बोल्ट नवा टाकला. घासता घासता म्हणाला, "रंग चांगला दिलाय पण. मेहनत आहे." मी विचारलं, आता यावर गंज नाही का येणार? "आधी घट्ट बसवायचं, मग वरून ग्रीस लावायचं. वरवर." शेवटचा शब्द त्याने सहज म्हटला. वडील वर ऐकत असतील तर त्यांनी माफ करावं.

मी सवयीने ट्रायलसाठी हात पुढे केला. वायरमनने चावी माझ्या हातावरून नेऊन बायकोला दिली. ती घेईना. चावीकडे बघत उभी राहिली.

"गो, घे," सासूबाई म्हणाल्या. त्या खुर्चीवरून स्वतः उठायला लागल्या होत्या. "मी बसतंय तुज्यावांगडा. मेली तर दोगींची मरात."

त्या दोघी गेल्या. मी आणि वायरमन चहा घेत बसलो. दहा मिनिटं झाली, वीस झाली. मी दर हॉर्नला उठून रस्त्याच्या टोकाला बघत होतो. फोन केला तर उचलला नाही. नक्की कुठेतरी बंद पडली, असं मी म्हणालो. वायरमन रिक्षाच्या वायरी गुंडाळत म्हणाला, "आता नाही पडत." पाऊण तास झाला. अंधार पडला. मी त्याला माझ्या वडिलांची गोष्ट सांगितली, त्याने मला डेपोतल्या एका ड्रायव्हरची सांगितली, जो बसच्या आवाजावरून कुठला दिवा गेला ते ओळखायचा. एरवी मी कुणाला एवढा वेळ बोलू देत नाही. त्या दिवशी ऐकत बसलो आणि बरं वाटलं.

तासाभराने गाडी आली. सगळे दिवे लावलेले, काचा वर, आत गारेगार. सासूबाई मागे घाम पुसत बसल्या होत्या. पण तो घाम व्यायामाचा होता. ट्रायल म्हणून निघालेल्या त्या दोघी सेंटर रविवारी उघडं असतं का ते बघायला गेल्या होत्या. उघडं होतं.

"वाकता हा," त्या मला म्हणाल्या आणि गुडघा किंचित वाकवून दाखवला.

वायरमनला मी काय म्हणालो ते मला नीट आठवत नाही. आभार मानायची मला सवय नव्हती, शब्द उलटसुलट आले. तो म्हणाला, "ताईंचे माना. मी फक्त मीटर लावला." बायकोचे आभार मानायला मी काचेपाशी गेलो तर तिने काच चार बोटं खाली केली आणि म्हणाली, "मागे बस. पुढे पर्स आहे."

मी मागे बसलो. विक्रोळी गेलं, कांजूर गेलं. भांडुपच्या सिग्नलला लाल लागला. तोच सिग्नल. ती थांबली. गाडी स्लोवर, मांजर झोपेत घुरघुरतं तशी. पुढचा पंखा घरघरला, काटा जरासा खाली गेला आणि परत जागेवर आला. मग तिने सावकाश, एकेक करून, मागच्या काचेचा हीटर लावला, रेडिओ लावला, आतला दिवा लावला. शेवटी वायपर लावले. बाहेर पावसाचा थेंब नाही, कोरड्या काचेवर वायपर कर्र कर्र करत होते. शेजारचा रिक्षावाला वाकून बघायला लागला. ती त्याच्याकडे बघून हसली.

"काय करतंस गो?" सासूबाई म्हणाल्या.

"काही नाही," ती म्हणाली. "बघतेय."

हिरवा लागला. गाडी निघाली. एसीचा झोत सरळ माझ्या नाकावर येत होता. मला लागोपाठ दोन शिंका आल्या. काच खाली कर असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.